आधी खडक, मग पुस्तक

विदर्भातले विज्ञानशिक्षक आणि हौशी भटके एक प्रश्न हमखास विचारतात: जीवाश्म ओळखायला शिकायचंय, एखादं चांगलं पुस्तक सुचवा. पक्षी बघणाऱ्यांच्या हाताशी सालीम अलींचं पुस्तक १९४१ पासून आहे. फुलपाखरं, साप, रानफुलं यांच्यासाठीही मराठीत सचित्र पुस्तकं निघाली. जीवाश्मांच्या बाबतीत मात्र पिशवीत टाकून रानात न्यावं आणि पान उलटून नाव शोधावं, असं आपल्या भागाचं पुस्तक नवशिक्याला सहजी मिळत नाही. मग माणूस गुळगुळीत कागदावर छापलेलं एखादं इंग्रजी पुस्तक मागवतो. सिरिल वॉकर आणि डेव्हिड वॉर्ड यांचं ‘फॉसिल्स’ त्यातलं फार चांगलं. ट्रायलोबाइट कसा दिसतो, अमोनाइटच्या वेटोळ्यावरच्या रेषा कशा असतात, हे घरी बसून समजून घ्यायला ते जरूर घ्यावं. पण ते घेऊन नागपूर किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या नाल्यात उतरलात, तर पायाशी सापडलेल्या गोगलगायीचं नाव त्यातून निघणार नाही.

यात दोष पुस्तकाचा नाही. गोगलगायीचं कवच हा निसर्गाने कोट्यवधी वर्षं थोड्याफार फरकाने वापरलेला आकार आहे. वेगवेगळ्या काळातल्या चार गोगलगायी फोटोत सख्ख्या बहिणी वाटतात. त्यांना वेगळं करतो तो थर: कुठल्या खडकात सापडली, तो खडक किती जुना, तिथे तेव्हा समुद्र होता की गोड्या पाण्याचं तळं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने १९५९ ते १९६४ या काळात ब्रिटनच्या जीवाश्मांवर तीन हातपुस्तकं काढली, प्राचीन, मध्य आणि नव अशा तीन युगांवर एकेक. त्यांत रंगीत फोटो नाहीत, नुसती रेखाचित्रं आहेत. तरी तिथल्या हौशी लोकांच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर शिकल्या, कारण प्रत्येक चित्राखाली थर आणि ठिकाण दिलेलं आहे. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर चार्मथला उभा असलेला मुलगा आपण कुठल्या थरापाशी आहोत हे आधी बघतो आणि मग पान उघडतो. निम्मी ओळख तिथेच पटलेली असते. गावात माहिती केंद्र आहे, तिथली माणसं सापडलेली वस्तू बघून सांगतात, महत्त्वाचं काही मिळालं तर नोंदवायचे नियमही ठरलेले आहेत. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनी सुरुवात करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आपल्याकडे हे सगळं एका पुठ्ठ्यात बांधलेलं नाही, पण सुटं सुटं पुष्कळ आहे. ते कुठल्या क्रमाने हातात घ्यायचं एवढाच प्रश्न आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे: नकाशा पहिला, चित्रांचं पुस्तक शेवटी.

महाराष्ट्राची सुमारे ऐंशी टक्के जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. तप्त लाव्ह्यात जीवाश्म कुठून मिळणार? म्हणून पुणे, सातारा, सांगलीकडचा मुलगा डोंगर पालथे घालतो आणि त्याच्या हाती लागतात झिओलाइटचे स्फटिक, गारगोट्या, पोकळ गोटे. ते सुंदर असतात, पण जीवाश्म नव्हेत. याच भागात पूर्वीच्या नद्यांनी टाकलेला गाळ मात्र बघण्यासारखा आहे. गोदावरी, प्रवरा, घोड, मांजरा यांच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती, गवे-बैल यांची हाडं निघालेली आहेत. गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीवर पिलग्रिम यांनी १९०५ सालीच लिहिलं होतं. कोकणात किनाऱ्यालगत ‘करळ’ नावाचा शिंपल्यांनी भरलेला दगड मिळतो, पूर्वी बांधकामालाही वापरत. त्यातले शिंपले भूशास्त्राच्या मानाने अगदी अलीकडचे.

खरा खजिना पूर्वेकडे आहे. दोन लाव्ह्यांच्या मधे जो काळ गेला, त्या काळात लाव्ह्यावर तळी साचली, त्यांत गोगलगायी वाढल्या, काठावर ताडांच्या जातीची झाडं उगवली. मग पुढचा लाव्हा आला आणि ते सगळं झाकलं गेलं. या मधल्या पातळ थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. सगळ्या लाव्ह्याच्या खाली लॅमेटा नावाचा थर आहे, त्यात डायनासोरची हाडं आणि अंडी मिळतात. आणि त्याहूनही खोल, वर्धा खोऱ्यात आणि प्राणहिता-गोदावरीच्या पट्ट्यात, गोंडवन काळाचे खडक आहेत: कोळसा, शेल, लाल-पिवळे वालुकाश्म. आपण यांपैकी कशावर उभे आहोत, हे कळलं की शोध सुरू होतो.

ते कळण्यासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, या १८५१ पासूनच्या संस्थेचे नकाशे बघावेत. ‘भूकोश’ नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर ते मोफत बघायला मिळतात. जिल्हावार नकाशेही आहेत. आपल्या तालुक्यावर बोट ठेवायचं, तिथला रंग बघायचा, बाजूच्या सूचीत त्या रंगाचा खडक वाचायचा. सोबतीला जी. जी. देशपांडे यांचं ‘जिऑलॉजी ऑफ महाराष्ट्र’, हे जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १९९८ साली प्रसिद्ध केलेलं पुस्तक. ते विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं आहे, सलग वाचायला जड जातं, पण आपल्या जिल्ह्यापुरतं वाचलं तरी पुरे. जुन्या जिल्हा गॅझेटिअरांतलं भूरचनेचं प्रकरणही उघडून बघावं. त्यात गावांची नावं असतात, आणि नवशिक्याला गावाचं नाव हवं असतं.

नकाशाची एक मर्यादा लक्षात ठेवायची. आंतरट्रॅपी थर बहुतेक ठिकाणी एक-दोन माणूस उंचीपेक्षा जाड नसतो, त्यामुळे नकाशावर तो पुष्कळदा दिसतच नाही. तो दिसतो नव्या विहिरीच्या काठावर टाकलेल्या डबरात, रस्त्यासाठी फोडलेल्या टेकडीच्या कापात, नाल्याच्या कडेला. वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधेच पांढुरका, पिवळट किंवा तपकिरी, कधी शिरगोळ्यासारखा मऊ तर कधी ठिणगी पडेल इतका कठीण पट्टा. विहिरी खोदणाऱ्या माणसांना हा पट्टा नेमका ठाऊक असतो. कोणत्या शिवारात किती हातांवर ‘शंखाचा दगड’ लागतो, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही, आणि हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात उतरलेलं नाही.

आता असा एक दगड हातात घेऊ. त्यात गोगलगाय आहे. शंखाचं टोक वर धरायचं आणि तोंड आपल्याकडे करायचं. तोंड डाव्या हाताला आलं, तर ती बहुधा ‘फायसा’. या थरांतली फायसा प्रिन्सेपी चांगली टपोरी वाढते, शेवटचं वेटोळं फुगीर आणि वरचा मनोरा आखूड. तोंड उजव्या हाताला आलं आणि शंख उंच, सडपातळ असला, तर लिम्निया. उजवीकडेच, पण वेटोळी गोल गरगरीत आणि तोंडही गोलसर असलं, तर जुन्या ग्रंथांतली पॅल्युडिना, आजचं नाव व्हिव्हिपॅरस. एवढ्या तीन गोष्टी समजल्या की आंतरट्रॅपी थरातल्या बऱ्याच मोठ्या गोगलगायींची प्राथमिक वाटणी होते. तोंड कुठल्या बाजूला आहे हे फोटोत उलट छापलं गेलं तर कळत नाही, म्हणून हातात धरून बघायची सवय लावावी.

मग त्याच दगडाकडे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघायचं. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि दगड जवळ आणत न्यायचा, उलट नाही. गोगलगायींच्या मधल्या मातकट भागात खसखशीएवढे बारीक गोल दाणे दिसतात. नीट उजेड पडला तर दाण्याभोवती स्क्रूसारख्या चढत गेलेल्या रेघा दिसतात. ते कारा नावाच्या पाणवनस्पतीचं फळ. ही वनस्पती आजही स्वच्छ, संथ पाण्याच्या तळ्यांत वाढते. शेजारी तांदळाच्या कणीएवढी दोन झडपांची पेटी दिसली, तर तो ऑस्ट्राकॉड, कवचधारी इवला जीव. शंख सगळे उचलतात. हे दाणे बघणारा माणूस मात्र त्या तळ्यात पाणी गोडं होतं का, उथळ होतं का, हे सांगू शकतो. म्हणून पहिल्या खरेदीत हातोड्याच्या आधी भिंग घ्यावं. मऊ थर असेल तर मूठभर माती रात्रभर पाण्यात भिजवून चहाच्या गाळणीतून धुतली, तरी कितीतरी दाणे मोकळे होतात.

या गोगलगायींची नावं कुठून आली ती हकीकत सांगायलाच हवी, कारण संदर्भग्रंथ शोधण्याची वाटही तीच आहे. १८३७ साली माल्कमसन नावाच्या डॉक्टरने दख्खनच्या पूर्वेकडच्या या जीवाश्मांवर लंडनमध्ये निबंध सादर केला. तो १८४० साली छापला गेला आणि त्यात सॉवर्बी यांनी फायसा प्रिन्सेपी, लिम्निया सब्युलाटा ही नावं दिली. त्यानंतर नागपुरात आले स्टीफन हिस्लॉप. धर्मप्रसारासाठी आलेला हा स्कॉटिश माणूस सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह सवड मिळेल तेव्हा दगड फोडत असे. आज नागपूर शहराच्या पोटात गेलेल्या टाकळीत त्यांना शंख, बिया, फळं, कीटकांचे पंख मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मांगलीहून मिळालेली उभयचराची कवटी इंग्लंडला गेली आणि १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नामकरण केलं. १८६० साली हिस्लॉप यांनी टाकळी आणि आसपासच्या शंखांच्या नव्या जाती प्रसिद्ध केल्या. १८६३ साली, विदर्भातली शिळावर्तुळं बघून परतताना, पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे.

हिस्लॉपनी नव्या जातींची वर्णनं त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लॅटिनमध्ये लिहिली होती. म्हणजे नागपूरच्या मातीतल्या गोगलगायींची मूळ ओळख जवळजवळ दीडशे वर्षं अशा भाषेत पडून होती जी नागपुरात कुणी वाचत नव्हतं, आणि पुढे इंग्लंडातही फारसं कुणी वाचेना. २००८ साली जोसेफ हार्टमन आणि सहकाऱ्यांनी ‘पॅलिऑन्टॉलॉजी’ या नियतकालिकात त्या वर्णनांचा इंग्रजी अनुवाद आणि चिकित्सा छापली. आंतरट्रॅपी शंख गोळा करणाऱ्याला माझ्या मते याहून उपयोगी दस्तऐवज नाही. या वर्णनांचा मराठी अनुवाद, प्रत्येक जातीच्या रेखाचित्रासह, एखाद्या विद्यापीठाने चाळीस पानांत काढला तर विदर्भातल्या शेकडो शाळांना तो पुरेल. हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं.

जुने ग्रंथ वाचताना दोन पथ्यं पाळावी लागतात. पहिलं नावांचं. संशोधन पुढे जातं तशी नावं बदलतात. जुन्या पानावर फायसा दिसेल, अलीकडच्या निबंधात तीच प्लॅटिफायसा म्हणून भेटेल. वहीत दोन्ही लिहून ठेवावीत. दुसरं वयाचं. हिस्लॉपच्या निबंधाच्या नावातच हे थर ‘टर्शरी’, म्हणजे डायनासोरांनंतरच्या काळातले, म्हटलेले आहेत. बिरबल साहनींसारखे मोठे वनस्पतिजीवाश्मतज्ज्ञही १९३०च्या दशकात हे लाव्हे टर्शरी काळातलेच मानत होते. पुढे किरणोत्सर्गी कालमापन आणि डायनासोरचे पुरावे यांमुळे हे थर क्रेटेशियसच्या अखेरीला, डायनासोर नाहीसे झाले त्या सीमेच्या आगेमागे गेले. तेव्हा जुन्या ग्रंथातलं चित्र आणि वर्णन घ्यावं, वय नव्या लेखनातून घ्यावं.

हे जुने ग्रंथ मिळवायला पूर्वी कोलकात्याला जावं लागे. आता तसं नाही. जीएसआयने १८६१ पासून काढलेली ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ ही थोर मालिका हे आपलं खरं चित्रमय हातपुस्तक आहे. आकाराने मात्र ते हातात मावणारं नाही. कच्छचे अमोनाइट वागेन यांनी, दक्षिणेतले क्रेटेशियस जीव स्टोलिच्का यांनी, गोंडवन वनस्पती फाइस्टमांटेल यांनी याच मालिकेत चितारल्या. त्यातले शिळाछापाचे पट बघताना आजही भान हरपतं. पानाच्या प्रत्येक शिरेपर्यंत नजर पोचलेली आहे. जुने बरेच खंड इंटरनेट आर्काइव्ह आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या डिजिटल ग्रंथालयांत मोफत उतरवून घेता येतात. सगळा खंड छापत बसू नये. आपल्या थराचे आठ-दहा पट छापून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून सोबत न्यावेत. असं आपल्या तालुक्याचं हातपुस्तक आपणच बांधायचं.

कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे फारच सोपं आहे. उमरेड, चंद्रपूर, वणी भागात कोळशासोबतच्या राखाडी शेलमध्ये पानांचे ठसे मिळतात, आणि पहिलं पान बहुतेक वेळा ग्लॉसोप्टेरिसचं असतं. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर, आणि त्या शिरेपासून कडेपर्यंत जाळीदार बारीक शिरा. तसंच पान, तशीच जाळी, पण मधली शीर नाही असं वाटलं, तर गंगामोप्टेरिसचा विचार करायचा. हे तिरप्या उजेडात बघावं. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हात दगड हळूहळू फिरवला की भर दुपारी सपाट दिसणारी जाळी उठून दिसते. ग्लॉसोप्टेरिस हे नाव ब्रॉन्यार यांनी १८२८ साली भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून दिलं. एकच झाड एवढ्या लांबच्या दोन भूखंडांवर कसं, या प्रश्नातूनच पुढे हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते या विचाराला बळ मिळालं. नागपूरजवळच्या या वनस्पतींवर बनबरी यांचा निबंध १८६१चा आहे. पुढचं वाचन लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या ‘द पॅलिओबोटॅनिस्ट’ या नियतकालिकात, १९५२ पासून. त्याचेही जुने अंक नेटवर आहेत. छिंदवाड्याच्या मोहगाव कलाँ इथल्या दगड झालेल्या फळाफुलांवरचं काम त्यात वाचायला मिळतं, आणि ते ठिकाण नागपूरकरांना परकं नाही.

एक सूचना इथेच करतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. चालू खाणीत आणि खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगांवर परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. ते ढीग पावसाळ्यात आणि नंतरही घसरतात. शाळेने किंवा महाविद्यालयाने खाण व्यवस्थापनाला रीतसर पत्र देऊन सहल काढावी.

जे जीवाश्म नाही ते ओळखणं हे निम्मं शिक्षण. दगडाच्या फटीत मँगनीजचं पाणी झिरपून काळ्या नक्षीदार फांद्या उमटतात, अगदी नेच्याच्या पानासारख्या. त्यांना डेंड्राइट म्हणतात, आणि महाराष्ट्रात ‘सापडलेल्या’ वनस्पतिजीवाश्मांत त्यांचा भरणा मोठा असतो. पान असेल तर त्याला शिरांची शिस्त असते, देठ असतो, कड असते. डेंड्राइटच्या फांद्या फटीत जागा मिळेल तशा पसरतात. गोल गोटा दिसला की तो डायनासोरचं अंडंच असं वाटू लागतं. अंड्याला कवच असतं, दीड-दोन मिलिमीटरचं का होईना, आणि भिंगाखाली त्या कवचावर बारीक पुरळासारखी ठेवण दिसते. कवच नसेल तर गोटा गोटाच.

यात जाणकारही चकतात. भीमबेटकाच्या एका गुहेत छताजवळ दिसलेला पानासारखा ठसा म्हणजे डिकिन्सोनिया हा अतिप्राचीन जीव आहे, असा शोधनिबंध २०२१ मध्ये आला आणि जगभर गाजला. दोनेक वर्षांत जोसेफ मीर्ट आणि सहकारी तिथे जाऊन आले. तोवर तो ‘जीव’ खडकावरून सुटून पडायला लागला होता. ते मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष निघाले, आणि मूळ निबंधाच्या प्रमुख लेखकांनी चूक मान्य केली. ठसा खडकाच्या आत आहे की वर चिकटलेला, हे आधी बघायला हवं, ही साधी गोष्ट यातून कायमची लक्षात राहते.

उलट बाजूचं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं. इथल्या शेतांत मातकट, वेड्यावाकड्या आकाराचे गोळे मिळतात. हे लॅमेटा काळातल्या प्राण्यांचे शेणगोळे, दगड झालेले. संग्राहक अशा गोळ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या आत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की डायनासोरांच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं. तोवर गवत त्यांच्यानंतर आलं असाच समज होता. पाठ्यपुस्तकांतली एक समजूत पिसदुऱ्याच्या गोळ्यांनी बदलली.

संग्रहाचं मोल नमुन्यापेक्षा चिठ्ठीत जास्त आहे. कुठे, कधी, कोणत्या थरात, त्या थराच्या वर-खाली काय होतं, सोबत आणखी काय मिळालं, हे जागेवरच लिहायचं. गावाचं नाव, गट नंबर किंवा मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, थराचा रंग आणि हातांतली जाडी. नमुना काढण्याआधी बाजूला पट्टी ठेवून फोटो. घरी आल्यावर नमुन्याच्या बिनमहत्त्वाच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक, आणि तोच क्रमांक वहीत. सुटी चिठ्ठी हरवते, दगडावरचा क्रमांक राहतो. १९८९ साली ऑस्ट्रेलियातले जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये उघड केलं की हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापलेले कितीतरी जीवाश्म प्रत्यक्षात जगाच्या दुसऱ्याच भागांतले असावेत. त्या प्रकरणाने हिमालयाच्या भूशास्त्रावरचा ढीगभर मजकूर संशयाखाली आला. जीवाश्म अस्सल होते, ठिकाण खोटं होतं, आणि तेवढ्याने ते निरुपयोगी ठरले.

चांगली नोंद असलेला नमुना मात्र थांबू शकतो. जीएसआयचे धनंजय मोहबे यांनी गुजरातेतल्या धोली डुंगरी इथल्या डायनासोरच्या घरट्याचा दगड १९८०च्या दशकात अभ्यासला, तेव्हा त्यातली हाडं पिल्लांची समजली गेली. २००१ साली जेफ्री विल्सन यांना तो दगड पुन्हा बघताना त्यांतले काही मणके सापाचे दिसले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अंड्याभोवती वेटोळं घातलेला, साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू. त्या सापाचं नाव सनाजेह इंडिकस. ठिकाण नक्की नोंदलेलं होतं, म्हणून मूळ जागी परत जाऊन पुढचं काम करता आलं.

म्हणूनच संग्रहालय हेही संदर्भग्रंथच आहे, आणि नवशिक्याने तिथे वही घेऊन जावं. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधली शिवालिक टेकड्यांतल्या प्राचीन प्राण्यांची दालनं, त्याच शहरातल्या भारतीय सांख्यिकी संस्थेतला बारापासॉरस या डायनासोरचा सांगाडा, लखनौच्या साहनी संस्थेचं संग्रहालय, सिरोंचाजवळचं वडधमचं जीवाश्म उद्यान. भूशास्त्र विभाग असलेल्या जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत तर स्थानिक नमुन्यांचे खणच्या खण भरलेले असतात. आधी फोन करून, दोन-तीनच नमुने घेऊन गेलं तर प्राध्यापक वेळ देतात. पोतंभर दगड नेऊन टेबलावर ओतले तर कुणीही वैतागेल.

पदवी नसणाऱ्याने बिचकायचं कारण नाही. मध्य प्रदेशातलं घुघवा आज जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९७०च्या दशकात ते ठिकाण उजेडात आणणारे डॉ. धर्मेंद्र प्रसाद हे मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी होते. कामासाठी गावोगाव फिरणारा माणूस, नजर जागी, आणि सापडलं ते योग्य लोकांपर्यंत पोचवण्याची चिकाटी. १९८३ साली उद्यान जाहीर झालं.

वाचनासाठी मराठीत पहिला थांबा मराठी विश्वकोश. जीवाश्म, पुराजीवविज्ञान, गोंडवन असे विषय तिथे शोधावेत. भूविज्ञानाच्या बऱ्याच नोंदींखाली क. वा. केळकरांचं नाव दिसतं, आणि त्यांची भाषा नेमकी, न बिचकवणारी आहे. सगळ्या नोंदी नेटवर मोफत आहेत. इंग्रजी वाचता येत असेल तर प्रणय लाल यांचं २०१६चं ‘इंडिका’ जरूर घ्यावं. उपखंडाची करोडो वर्षांची हकीकत त्यात सलग सांगितलेली आहे आणि आपल्या परिसरातली ठिकाणं त्यात भेटत राहतात. ओळख पटवायला त्याचा उपयोग नाही, पण ओळख का पटवायची ते त्यातून कळतं. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी हेन्री वुड्स किंवा क्लार्कसन यांचं अपृष्ठवंशी जीवाश्मांवरचं पाठ्यपुस्तक जुन्या बाजारात शोधावं. नव्या आवृत्तीचा अट्टहास नको, कवचाची रचना बदललेली नाही.

आता उचलण्याबद्दल. राखीव जंगलातला दगडसुद्धा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे वनोपजात मोडतो. गडचिरोलीच्या जंगलातून अश्म झालेलं लाकूड पिशवीत टाकणं हा परवानगीशिवाय गुन्हा ठरू शकतो. अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं, जीवाश्म उद्यानं इथे तर हातही लावायचा नाही. खाजगी शेतात मालकाची परवानगी आधी, खणणं नंतर, आणि उभ्या पिकात कधीच नाही. भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ साली सूचनांसाठी जाहीर केला होता. संग्रह करणाऱ्याने या विषयातल्या घडामोडींवर लक्ष ठेवावं. विकत घेणं मात्र मुळीच नको. बाजारातल्या नमुन्याला ठिकाण नसतं, आणि मागणी वाढली की गावाजवळचा थर पहारीने फुटतो.

विहिरीच्या डबरातली सुटी गोगलगाय मालकाला विचारून घ्यायला हरकत नाही. हाड दिसलं, अंड्यांचा पुंजका दिसला, तर हातोडा पिशवीतच राहू द्यावा. फोटो काढावेत, एक जवळून, एक चार पावलांवरून आणि एक आजूबाजूची खूण, म्हणजे झाड, बांध किंवा विजेचा खांब, येईल असा. मालकाचं नाव आणि गट नंबर लिहून घ्यावा. उघडी पडलेली बाजू ओल्या मातीने किंवा गोणपाटाने झाकावी, आणि नागपूरच्या जीएसआय कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला नकाशासह कळवावं. पावसाळा तोंडावर असेल तर पत्राची वाट न बघता फोन करावा.